विमानाचा तोल

(रेडिओच्या साहाय्याने जमिनीवरून चालवता येणारी छोटी विमाने लहानथोरांना सारखीच भुरळ घालतात. असे विमान उडवण्यापूर्वी त्याचा तोल का तपासावा लागतो आणि तो कसा तपासतात, हे या पाठात सांगितले आहे.)

एक फूटपट्टी घ्या. ती आडवी धरून एका बोटावर ठेवा. बोट बरोबर मधोमध असेल तर पट्टी स्थिर राहते. आता पट्टीच्या एका टोकावर खोडरबर ठेवा. पट्टी लगेच त्या बाजूला कलते. तिला पुन्हा स्थिर करायचे असेल, तर बोट खोडरबराच्या बाजूला सरकवावे लागते. पट्टीची लांबी बदलली नाही, पण तोलाची जागा मात्र बदलली. ज्या एका बिंदूत वस्तूचे सगळे वजन एकवटले आहे असे मानता येते, त्या बिंदूला 'गुरुत्वमध्य' म्हणतात. उर्दूत यालाच 'मरकज-ए-सिक्ल' म्हणतात.

फूटपट्टी पडली तर फारसे बिघडत नाही. ती उचलून पुन्हा बोटावर ठेवता येते. पण विमानाचा तोल आकाशात गेला तर? तिथे बोट देणारा कोणी नसतो. म्हणून विमानाचा तोल जमिनीवरच तपासावा लागतो. मोठ्या प्रवासी विमानाला हा नियम लागू आहे, लढाऊ विमानाला आहे आणि छंद म्हणून उडवल्या जाणाऱ्या छोट्या विमानालाही आहे.

रेडिओवर चालणारे छोटे विमान तुम्ही एखाद्या मैदानावर पाहिले असेल. उडवणारा माणूस जमिनीवर उभा असतो. त्याच्या हातात एक पेटी असते. तिच्यावरील दांड्या हलवल्या की रेडिओलहरींच्या द्वारे विमानाला संदेश मिळतो. विमानात हा संदेश पकडणारे एक यंत्र असते. त्याला जोडलेल्या लहान मोटारी पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या पट्ट्या वरखाली करतात. या लहान मोटारींना 'सर्व्हो' म्हणतात. नाकाशी पंखा फिरवणारी मोठी मोटार असते आणि या सर्वांना वीज पुरवणारी बॅटरी असते.

काही छंदप्रेमी लोक जुन्या लढाऊ विमानांच्या हुबेहूब प्रतिकृती करतात. त्यांत 'स्पिटफायर' हे ब्रिटिश विमान फार लोकप्रिय आहे. रेजिनाल्ड मिचेल यांनी त्याचा आराखडा तयार केला. त्याचे पहिले उड्डाण ५ मार्च १९३६ रोजी झाले. दुसऱ्या महायुद्धात या विमानाने मोठी कामगिरी केली. भारतीय हवाई दलानेही ते वापरले. हैदराबाद येथे जन्मलेले एअर चीफ मार्शल इद्रीस हसन लतीफ यांनी तरुणपणी, १९४४ साली, ब्रिटनमध्ये स्पिटफायर चालवण्याचे शिक्षण घेतले होते. पुढे १९७८ ते १९८१ या काळात ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते आणि १९८२ साली महाराष्ट्राचे राज्यपाल झाले.

स्पिटफायरचे पंख लंबवर्तुळाकार आहेत. ते दिसायला अतिशय सुंदर दिसतात. मात्र याच विमानाची प्रतिकृती करणाऱ्याला तोलाची चिंता सर्वांत आधी सतावते. याचे कारण सोपे आहे. खऱ्या स्पिटफायरच्या नाकात सहाशे किलोहून जास्त वजनाचे इंजिन असे. मागच्या लांब शेपटीचा भार हे अवजड इंजिन तोलून धरत असे. छोट्या प्रतिकृतीत विजेची मोटार बसवतात. ती त्या मानाने फार हलकी असते. आकार तोच, पण नाक हलके! त्यामुळे अशी प्रतिकृती तयार झाली की बहुधा ती शेपटीकडे जड भरते.

शेपटीकडे जड असले तर काय बिघडते? हे समजण्यासाठी बॅडमिंटनचे फूल आठवा. त्याचे बूच जड असते आणि पिसे हलकी असतात. तुम्ही ते कसेही मारा, हवेत ते वळते आणि बूच पुढे, पिसे मागे अशा स्थितीत जाते. वजन पुढे आणि हवेला अडवणारा पसारा मागे असला, की वस्तू सरळ जाते. बाणाचे टोकही म्हणूनच जड असते आणि पिसे मागे लावलेली असतात.

विमानाचेही असेच आहे. समजा, वाऱ्याच्या झोताने विमानाचे नाक अचानक वर उचलले गेले. त्याबरोबर पंखांवर आणि शेपटीवर हवेचा वर ढकलणारा जोर वाढतो. गुरुत्वमध्य पुढे असेल, तर हा वाढलेला जोर त्याच्या मागे काम करतो. तो मागची बाजू उचलतो आणि नाक पुन्हा खाली आणतो. विमान आपोआप सरळ होते. परंतु गुरुत्वमध्य फार मागे असेल, तर तोच जोर त्याच्या पुढे काम करतो. मग नाक खाली येण्याऐवजी आणखी वर जाते. विमानाचा वेग कमी होतो, पंखांचा आधार सुटतो आणि विमान गरगरत खाली येते. चालकाने कितीही धडपड केली तरी अशा वेळी विमान त्याचे ऐकत नाही.

याउलट नाक थोडे जास्त जड असेल, तर विमान आळशी होते. ते उशिरा उचलते, वेगाने उतरते आणि उतरताना पुढे कोलमडण्याची भीती असते. तरीही ते बहुधा हाताळता येते. म्हणूनच या छंदातील जाणकार सांगतात, "नाकाकडे जड विमान कसेबसे उडते, शेपटीकडे जड विमान एकदाच उडते."

आता प्रश्न असा, की गुरुत्वमध्य नेमका कोठे असावा? विमानाच्या आराखड्यावर ही जागा दिलेली असते. प्रथम तीच पाहावी. पण सांगितलेली जागा योग्य आहे का, हे आपल्यालाही गणिताने पडताळता येते. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे पंखाची रुंदी. पंख सगळीकडे सारखाच रुंद असेल, तर पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्के अंतरावर गुरुत्वमध्य ठेवणे सुरक्षित असते.

स्पिटफायरचा पंख मात्र टोकाकडे अरुंद होत जातो. मग कोणती रुंदी घ्यायची? अशा वेळी एक सरासरी रुंदी काढतात. लंबवर्तुळाकार पंखाची ही रुंदी धडाजवळच्या रुंदीच्या सुमारे ०.८५ पट असते. एक उदाहरण घेऊ. खऱ्या स्पिटफायरच्या दोन्ही पंखांच्या टोकांमधील अंतर सुमारे ११.२ मीटर होते. त्याच्या एक सप्तमांश आकाराची प्रतिकृती केली, तर हे अंतर १६० सेंटिमीटर होईल. धडाजवळ पंखाची रुंदी ३६ सेंटिमीटर आहे असे समजू. तेव्हा सरासरी रुंदी ३६ × ०.८५ म्हणजे ३०.६ सेंटिमीटर आली.

या पंखाची आणखी एक सोय आहे. त्याच्या आतील मुख्य दांडा पुढच्या कडेपासून सुमारे पाव रुंदीवर, धडाशी काटकोनात, सरळ टोकाकडे जातो. त्यामुळे २५ टक्क्यांची जागा धडाजवळच मोजता येते. ३६ चा पाव भाग ९. म्हणजे पुढच्या कडेपासून ९ सेंटिमीटरवर २५ टक्क्यांची खूण आली. ३० टक्क्यांसाठी सरासरी रुंदीचे आणखी ५ टक्के, म्हणजे सुमारे १.५ सेंटिमीटर मागे जावे लागेल. ती खूण १०.५ सेंटिमीटरवर येईल. पाहा, विमान १३० सेंटिमीटर लांब आहे, पण गुरुत्वमध्यासाठी योग्य जागा केवळ दीड सेंटिमीटरची आहे! एका बोटाच्या रुंदीएवढ्या जागेवर विमानाचे भवितव्य अवलंबून असते.

तोल तपासण्यापूर्वी विमान उड्डाणासाठी पूर्ण तयार करावे. पंखा, चाके, चालकाची बाहुली, बॅटरी, सर्व काही आपापल्या जागी बसवावे. बॅटरी जागेवर ठेवावी, पण तिची तार जोडू नये. चुकून पंखा फिरला तर बोटे कापण्याचा धोका असतो. उडताना चाके पोटात मिटणारी असतील, तर ती मिटूनच तोल पाहावा. काही लढाऊ विमानांची चाके मिटताना मागे जातात आणि त्यांच्याबरोबर गुरुत्वमध्यही मागे सरकतो. विमान तेलाच्या इंजिनावर चालणारे असेल आणि त्याची टाकी पुढे असेल, तर टाकी रिकामी ठेवून तोल पाहावा. उड्डाणात तेल संपत जाते, नाक हलके होते आणि उतरण्याच्या वेळी विमान शेपटीकडे जास्त जड झालेले असते.

स्पिटफायरचे पंख धडाच्या खालच्या बाजूला असतात. विमान सरळ ठेवून पंखांखाली बोटे धरली, तर बरेचसे वजन बोटांच्या वर राहते आणि विमान कलंडते. म्हणून ते उलटे धरावे. मग वजन आधाराच्या खाली येते. तराजूची पारडी जशी दांडीच्या खाली लोंबतात आणि स्थिर राहतात, तसेच विमानही स्थिर राहते. विमान उलटे धरायचे असल्यामुळे बोटे पंखांच्या वरच्या पृष्ठभागाला लागतात. तेव्हा खुणाही तिथेच करायच्या. पंख धडाला मिळतो तेथील पुढच्या कडेपासून अंतर मोजावे. गुण्या लावून धडाशी काटकोनात रेघ घ्यावी आणि धडापासून सारख्या अंतरावर दोन्ही पंखांवर कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावावेत. पहिल्या उड्डाणासाठी पुढची, म्हणजे ९ सेंटिमीटरची खूण निवडणे शहाणपणाचे.

घरातील पंखा बंद करावा. दोन्ही हातांचे एकेक बोट खुणांवर ठेवून विमान अलगद उचलावे. विमान मोठे असेल तर दुसऱ्याची मदत घ्यावी. ते आडवे स्थिर राहिले किंवा नाक अगदी किंचित खाली झुकले, तर तोल योग्य आहे. शेपूट खाली गेली, तर विमान उडवायचे नाही. बोटांऐवजी लाकडाच्या दोन उभ्या काठ्यांवर खोडरबराचे तुकडे लावून साधा आधार तयार करता येतो. बोटे नकळत हलतात, काठ्या हलत नाहीत. एकदा तपासून थांबू नये. तीनदा तपासावे आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आले पाहिजे.

समजा, शेपूट खाली गेली. बोटे मागे सरकवत गेल्यावर विमान ११ सेंटिमीटरवर स्थिर झाले. म्हणजे गुरुत्वमध्य पाहिजे त्यापेक्षा २ सेंटिमीटर मागे आहे. विमानाचे वजन ३००० ग्रॅम आहे. आता तरफेचा नियम आठवा: वजन आणि अंतर यांचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा हवा. ३००० × २ म्हणजे ६०००. खुणेपासून ३० सेंटिमीटर पुढे, नाकात, शिसे ठेवता येत असेल, तर ६००० ÷ ३० म्हणजे २०० ग्रॅम शिसे लागेल.

पण शिसे हा शेवटचा उपाय आहे. ते विमानाला उडायला काहीच मदत करत नाही, केवळ ओझे वाढवते. जे वजन विमानात आधीच आहे ते पुढे सरकवणे हा पहिला उपाय. ४०० ग्रॅमची बॅटरी ५ सेंटिमीटर पुढे सरकवली, तर ४०० × ५ म्हणजे २००० चा फरक पडतो. ६००० पैकी ४००० उरतात. आता फक्त १३३ ग्रॅम शिसे पुरते. सर्व्होही पुढे हलवता आले, तर शिसे आणखी कमी होईल.

दुसरा उपाय विमान बांधतानाच करायचा असतो. शेपूट खुणेपासून ९० सेंटिमीटर मागे आहे, तर नाकातील शिशाची जागा ३० सेंटिमीटर पुढे आहे. म्हणून शेपटीतील प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात ३ ग्रॅम ठेवावे लागतात. शेपटीला रंगाचा एक जाड थर दिला आणि १० ग्रॅम वजन वाढले, तर नाकात ३० ग्रॅम शिसे आले! शेपूट हलकी ठेवणारा कारागीर पुढचे पुष्कळ ओझे वाचवतो.

मासेमारीच्या जाळ्याला लावतात तशा शिशाच्या गोळ्या या कामी वापरता येतात. त्या पक्क्या बसवाव्यात. हवेत एखादी गोळी सुटून मागे घरंगळली, तर सगळी मेहनत वाया जाईल. शिसे विषारी असते. ते तोंडाजवळ नेऊ नये आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

पुढचा-मागचा तोल झाला की डावा-उजवा तोलही पाहावा. एका हाताने नाक आणि दुसऱ्या हाताने शेपूट धरून विमान उचलावे. एक पंख सारखा खाली जात असेल, तर दुसऱ्या पंखाच्या टोकाशी थोडे वजन लावावे. पतंग एका बाजूला झुकत असेल, तर तुम्ही दुसऱ्या बाजूला चिंधीची किंवा कागदाची पट्टी बांधता ना? तोच हा उपाय आहे.

पहिले उड्डाण अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली, मोकळ्या मैदानावर आणि लोकांपासून दूर करावे. विमानतळाजवळ किंवा बंदी असलेल्या क्षेत्रात असे विमान उडवू नये. दांडी जराशी हलवताच विमान उसळ्या मारत असेल, तर ते शेपटीकडे जड आहे. ते लगेच उतरवावे. नाक सतत खाली जात असेल, तर ते पुढे जड आहे. मग वजन थोडेसेच सरकवावे आणि गुरुत्वमध्य दोनतीन मिलिमीटर हलवून पुन्हा पाहावे. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, तर कोणत्या बदलाचा गुण आला ते कळत नाही.

ही सारी काळजी केवळ छोट्या विमानांसाठी आहे, असे समजू नका. युद्धाच्या काळात खऱ्या स्पिटफायरनेही हाच धडा शिकवला. त्याच्या पाचव्या आवृत्तीत नवीन साधने बसवली गेली. काही साधने धडाच्या मागच्या भागात ठेवली गेली. प्रत्येक वस्तू उपयोगी होती आणि प्रत्येकीचे वजन थोडेच होते. पण थोडे थोडे करून गुरुत्वमध्य मागे सरकला. विमान हाताळणे धोक्याचे झाले आणि काही विमाने हवेतच मोडली. जेफ्री क्विल या चाचणी वैमानिकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९४२ साली शेपटीची पट्टी हलवणाऱ्या यंत्रणेत एक लहानसे वजन बसवण्यात आले. वैमानिकाने विमान एकदम वर खेचले, की हे वजन दांडीला उलट ओढत असे. त्यामुळे दांडी गरजेपेक्षा जास्त खेचली जात नसे. कोणती वस्तू कोठे ठेवायची याचे नियमही कडक करण्यात आले.

अमेरिकेच्या 'मस्टँग' विमानात वैमानिकाच्या मागे ८५ गॅलनची, म्हणजे सुमारे ३२० लिटरची, जादा टाकी बसवली होती. तिच्यामुळे विमान खूप दूर जाऊ शकत असे. पण ती भरलेली असताना विमान शेपटीकडे जड होई. म्हणून लढाई सुरू होण्यापूर्वी याच टाकीतील इंधन आधी वापरावे, अशी वैमानिकांना सूचना होती. तिथे प्रश्न लाकडाच्या प्रतिकृतीचा नव्हता, आत बसलेल्या माणसाच्या प्राणांचा होता.

छोटे विमान तयार करायला कित्येक महिने लागतात. तोल तपासायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास वाचवण्याच्या नादात महिन्यांची मेहनत काही क्षणांत मातीला मिळू शकते आणि खाली उभ्या असलेल्या कोणाला इजाही होऊ शकते. आकाशात गेल्यावर विमान आपले कौशल्य पाहते, पण त्याआधी जमिनीवर ते आपला धीर पाहते. जो दोन बोटांवर विमान धरून शांतपणे वाट पाहतो, त्याचेच विमान उडते आणि सुखरूप परतही येते.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गुरुत्वमध्य म्हणजे काय?
(आ) स्पिटफायरचे पहिले उड्डाण केव्हा झाले?
(इ) तोल तपासताना बॅटरीची तार का जोडू नये?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) स्पिटफायरची प्रतिकृती बहुधा शेपटीकडे जड भरते.
(आ) स्पिटफायरची प्रतिकृती उलटी धरून तोल पाहतात.
(इ) शेपूट हलकी ठेवणे फायद्याचे असते.

प्र. ३. एका प्रतिकृतीचे वजन २००० ग्रॅम आहे. तिचा गुरुत्वमध्य १ सेंटिमीटर मागे आहे. खुणेपासून २५ सेंटिमीटर पुढे किती शिसे ठेवावे लागेल?

प्र. ४. 'भुरळ घालणे', 'मातीला मिळणे', 'पाठपुरावा करणे' यांचा वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : जाड पुठ्ठ्याचे विमान कापून त्याच्या नाकाला कागद अडकवण्याची टाचणी लावा. ते उडवून पाहा. टाचणी काढून पुन्हा उडवा. काय फरक पडला ते वर्गात सांगा.